शपथेचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून धीर होतोय का? असेलही.

मी शिक्षिका. राहते शहरात, पुंडलिकनगरला; शाळा खेड्यात, चितेगावच्या पुढं. दोन वर्षांपूर्वी सरकारचं पत्र आलं — मुलांना इंटरनेटवरच्या धोक्यांची माहिती द्या, शपथ घ्या, फोटो अपलोड करा. सोबत एक पुस्तिका. कुणीतरी फार जीव लावून लिहिली होती ती. अनोळखी माणसानं फोटो मागितला तर काय करायचं, धमकी आली तर कुणाला सांगायचं, आणि ठळक अक्षरांत — चूक तुमची नाही. हे मी वाचलं, पण फार उशिरा.

त्या दिवशी काय केलं? आठवीची मुलं पटांगणात उभी केली, मागं बॅनर, उजवा हात समोर. काढला फोटो. आठवडाभर पडून असलेलं काम — गंगेत घोडं न्हालं एकदाचं! सगळे हात खाली गेले, एक मात्र वर गेला. सोनालीचा. मेंढरं वळणाऱ्या घरातली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. "नंतर विचार," मी म्हटलं. आणि अहवालात लिहिलं : माहिती दिली.

तीन महिन्यांनी कळलं, तिला काय विचारायचं होतं ते. बापाच्या मोबाईलवर ओळख झालेला कुणी तिचाच फोटो दाखवून तिला धमकावत होता. बापानं मोबाईल फोडला, पोरीची शाळा बंद केली.

शाळेनं तक्रार केली, मग सायबर पोलिसांतल्या एक ताई सोनालीच्या घरी आल्या; मीही सोबत होते. काय बाई होती ती! आल्या त्या सरळ सोनालीशेजारी जमिनीवर बसल्या. आधी विचारलं, जेवलीस का. बापाला म्हणाल्या, "दादा, चोरी झाली तर आपण घराला मारतो व्हय?" दोन आठवड्यांत त्यांनी तो माणूस पकडला. पोरीचं नाव कुठंही फुटू दिलं नाही. चार खेपा घालून बापाला शाळेसाठी राजी केलं. सरकारी काम म्हणून नाक मुरडणारी मी — बघतच राहिले.

पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला साधेपणानं विचारलं होतं, मुलींना हे सांगितलं होतं ना? मी काय करावं? मोबाईल काढला, तो फोटो दाखवला. "सांगितलं होतं की!"

बाप गर्रकन सोनालीकडं वळला. "मॅडमनं सांगितलं व्हतं? तरी बी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली.

"व्हय. माझंच ध्यान नव्हतं."

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. चौदा वर्षांच्या पोरीनं मला झाकलं, आणि मी तिच्या आडोशाला उभी राहिले.

सोनाली आता दहावीत आहे. ताई अजून दरवर्षी येतात. दोन तास बसतात, वर झालेला प्रत्येक हात ऐकून घेतात. यंदा शेवटी सोनाली आपणहून उठली. लहान मुलींना म्हणाली, "मॅडम सांगत्यात ते नीट ऐका गं. मी ऐकलं नव्हतं."

मी मागं उभी होते. फोटो काढत होते.