लेकीचा स्कोअर

मंडळी, नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. समोर आले की फोन थेट तुमच्या नाकाशी. “भाऊ, स्कोअर पाहा.”

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी हे गृहस्थ आमच्या शेजारी राहायचे. मूळचे नागपूरचे, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. स्कोअर त्यांच्या एकोणीस वर्षांच्या लेकीचा. कोवळ्या पोरांच्या गाडीचा विमा इथे एवढा की आकडा ऐकताना बापाला खुर्ची लागते. म्हणून कंपनीचं ॲप मुलीच्या फोनमध्ये. ते तिचं ड्रायव्हिंग पाहून गुण देणार. गुण चांगले, तर पुढच्या वर्षी हप्ता कमी.

आता करामत ऐका. रविवारी सकाळी लेक झोपलेली असताना तिचा फोन खिशात घालून हे स्वतःच गाडी काढत. एकदा मीही बसलो. वरातीतला घोडासुद्धा आमच्या पुढे गेला असता. एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला मागे टाकताना चक्क टोपी उचलली. मी हसून वाकडा. यांचा चेहरा मात्र पूजेला बसल्यासारखा.

“हसू नको. ब्रेक जोरात लागला की मार्क जातात.”

आणि लेक चालवायला निघाली, की फोन घरी ठेवून जायचा, असा नियम. तिचा हात अजून कच्चा, स्कोअर पडायचा. म्हणून गाडीही तिला क्वचितच मिळे. “इट्स ग्रँड, बाबा,” असं इथल्या पोरांसारखं, म्हणजे ‘चालेल की’, म्हणत ती फोन ओट्यावर ठेवायची.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी ती मैत्रिणीकडे निघाली. आडरस्त्यावरच्या वळणावर, ओल्या पाचोळ्यावरून गाडी घसरली आणि चरात उलटली. बराच वेळ ती शुद्धीवर असावी, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हाक मारायला फोन नव्हता. तो ओट्यावर वाजत होता; यांनी उचलला, तर ती अजून कशी आली नाही, म्हणून मैत्रीण विचारत होती. माझ्या गाडीतून आम्ही दोघे शोधायला निघालो. सापडली तेव्हा ती गेलेली होती.

पुढे विमा कंपनीचा माणूस घरी आला. यांनी मला शेजारी बसवून घेतलं. माणूस भला होता. धीर द्यावा म्हणून म्हणाला, तुमची मुलगी फार सांभाळून चालवायची, इतकी चांगली नोंद मी क्वचित पाहिली आहे. रस्ताच वाईट, तिने काही चूक केली असं मनात आणू नका.

एवढी वर्षं इंग्रजीत नोकरी केलेले ते, मराठीत बोलले.

“ती नव्हे. तो मी होतो. तिला मी चालवायला शिकूच दिलं नाही.”

काय म्हणाले, असं त्या माणसाने मला विचारलं. ‘तुमचे आभार मानतायत’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. यांची नजर माझ्यावरच होती.

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर त्यांनी मान हलवली, बरोबर सांगितलंस म्हणून.