दादासाठी विचारलेलं भविष्य

रझाकारांच्या दिवसांत परतूरला कापूस घेऊन गेलेल्या माझ्या थोरल्या भावाची, दादाची, खबर येईना. आई मस्तगडच्या जोतिष्याला विचारून आली. मिशनच्या पत्रकांवर वाढलेला मी भडकलो. "भविष्य विचारणं म्हणजे देवाच्या दहा आज्ञांतल्या पहिल्या आज्ञेचा भंग. देवावर भरवसा न्हाई का तुझा?"

"हाय की. पर तो कुठं बोलून राह्यला?"

रविवारी चर्चमध्ये सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले, आई जागेवरून हलली नाही. पाप कबूल केल्याशिवाय तो घेता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"फादरांपुढं पाप कबूल करून टाक," मी कुजबुजलो.

"कसं करू? पुन्हा करणार न्हाई असं म्हणावं लागतं. उद्या परत जायचंय जोतिष्याकडं."

त्या क्षणी मला बेपत्ता दादाचा हेवा वाटला. मी विषमज्वराने पडलो होतो, तेव्हा तिने नुसती जपमाळ ओढली होती. माझ्यासाठी देवाशी वाकडं घेतलं नव्हतं.