चटकन आलेलं उत्तर

चष्मेवाल्याचा अर्धा जन्म एकच प्रश्न विचारण्यात गेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, हे बरं की ते? उत्तर चटकन आलं तर ते खरं, माणूस रेंगाळला तर काच बदलायची, हा त्याचा ठोकताळा. त्यावर त्याचं दुकान छान चाललं. घरात मात्र तोच ठोकताळा नडला.

त्याची लेक ठमी सातवीत. बोलताना अडखळायची. हजेरीला तिच्या तोंडून 'हजर' निघेपर्यंत अख्खा वर्ग हसून लोळायचा. पुढे पुढे शाळेचं फाटक दिसलं तरी ती माघारी फिरायची, आणि एक दिवस तिने दप्तर उचललंच नाही. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी आईबापांनी हात टेकले आणि तिला घरीच ऑनलाइन शिकवायचं ठरवलं.

दोन शाळा पाहून ठेवल्या होत्या. चष्मेवाल्याने दुकान बंद ठेवून ठमीला लॅपटॉपपुढे बसवलं. पहिल्या शाळेत पडद्यावर बाई होत्या, आणखी काही मुलं होती. बाई म्हणाल्या, "सावकाश सांग नाव. आम्हाला घाई नाही." आणि खरंच थांबल्या. कुणी हसलं नाही. ठमीने नाव सांगितलं, पण तेवढ्याने ती घामाघूम झाली.

दुसऱ्या शाळेत समोर माणूसच नव्हतं. धडे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले, उत्तरं टाइप करायची.

"हे बरं की ते?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हे," ठमी म्हणाली.

जराही न अडखळता. कित्येक महिन्यांत लेकीच्या तोंडचा इतका स्वच्छ शब्द त्याने ऐकला नव्हता. त्याला एकदम भरून आलं.

"अहो, त्या बाईंकडे बसू द्या की अजून एकदा," बायको म्हणाली. "नाव सांगितलंच ना तिने."

"चटकन आलंय उत्तर. आता कशाला घोळ घालायचा?" तो म्हणाला, आणि हा शहाणा त्याच मिनिटाला दुसऱ्या शाळेत लेकीचं नाव घालून मोकळा झाला.

वर्ष सरत आलं. ठमीला मार्क उत्तम पडत होते, त्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. पण बोलायची गरजच उरली नाही तशी ती बोलायची थांबली, आधी पाहुण्यांशी, मग आईशी, मग त्याच्याशी. पुन्हा त्या बाईंकडे बसायचं नुसतं नाव काढलं, तर ती दोन दिवस अन्नाला शिवली नाही. आपणच पोरीची वाचा घालवली हे चष्मेवाल्याला आता लख्ख कळलं होतं, आणि कळून काडीचा उपयोग नव्हता.

जेवताना बायकोने विचारलं, "ठमे, भाजी वाढू का गं?"

ठमी समोरच बसली होती. चष्मेवाल्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्याने तो काढून वाचला.

"थोडीशी वाढ म्हणतेय," तो बायकोला म्हणाला.