घरच्या बाईचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, या प्रश्नाने दर जानेवारीत माझं डोकं फिरतं. प्लॅस्टिकचे डबे देऊन झाले, स्टीलच्या वाट्या झाल्या. एका वर्षी मी पायपुसणी दिली आणि मग वर्षभर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ज्याच्या त्याच्या दारात ती बघून मलाच ओशाळं व्हायला झालं. यंदा मी बायकांची संख्या मोजत बसले असताना माझी अकरावीतली लेक मान वर न करता म्हणाली, "माझ्या कादंबऱ्या दे."

मला वाटलं, चेष्टा करतेय. कारण अकरावी सुरू झाल्यापासून तीन शब्दांचं वाक्यसुद्धा माझ्या वाट्याला आलं नव्हतं. जेवलीस का? हं. कॉलेज कसं चाललंय? ठीक. दहावीपर्यंत ओट्यावर चढून बसून माझं डोकं खाणारी ही मुलगी ठाण्याच्या कॉलेजात जायला लागली आणि तिची दातखीळच बसली. का, ते मला काही केल्या कळत नव्हतं. वयच तसं असतं, असं सगळे म्हणायचे. माझंही ते वय होऊन गेलंय की! त्या वयात मी मार खाण्याइतकी बोलायचे.

तिच्या कादंबऱ्यांचंही मला कधी कळलं नाही. आमच्या लहानपणी वाचनालयात दोनच भाग होते. एकीकडे राक्षस आणि राजकन्या, दुसरीकडे मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या. मी एक दिवस इकडून उठले आणि थेट तिकडे जाऊन बसले. पहिल्याच कादंबरीत नायिकेला दिवस गेले, तर ते नक्की कुठे गेले याचा मी पंधरवडाभर विचार केला. लेकीच्या कादंबऱ्या लहानांच्या की मोठ्यांच्या, असं मी एकदा विचारलं, तर "मधल्यांच्या" असं उत्तर आलं. हे मधले कोण, कुठून कुठवर, आणि त्यांना वेगळ्या कादंबऱ्या कशाला लागतात? माझा गोंधळ होता तिथेच राहिला.

"अगं, पण वापरलेली वस्तू वाण म्हणून देतात का?" मी म्हटलं.

"डबे तरी कुणी वापरतं का? माळ्यावर पडलेत सगळ्यांचे."

हे खरंच होतं. शिवाय तिचं कपाट रिकामं होईल, हा माझा स्वार्थ होताच. तिने एकेका पुस्तकाला खाकी कागद गुंडाळला आणि कुठलं कुणाला द्यायचं हेही तिनेच ठरवलं. हळदीकुंकवाच्या दिवशी मी कुंकू लावत होते, तिळगूळ देत होते आणि ती शेजारी उभी राहून वाण पुढे करत होती. समोरच्या काकूंना जाड पुस्तक का, तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेला बारीक का, मला काही पत्ता लागेना.

शेवटी ताटात एकच पुस्तक उरलं. ते तिने माझ्यासमोर धरलं.

"मला काय देतेस? घरच्या बाईला आपल्याच घरचं वाण नसतं," मी म्हटलं. तेवढ्यात कोपरीहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या, नेहमीसारख्या उशिरा, आणि मी ते पुस्तक लेकीच्या हातातून घेऊन त्यांच्या ओटीत टाकलं. लेक आत निघून गेली. दमली असेल, असं मी म्हटलं.

मग एक विचित्रच प्रकार सुरू झाला. आमच्याकडे बेल वाजायची ती माझ्यासाठी नाही. समोरच्या काकू म्हणायच्या, "तुझी लेक आहे का गं? मला तिच्याशी भांडायचंय. त्या मुलाला असं मारून टाकतात का?" तळमजल्यावरच्या बाई जिना चढून यायच्या, गुडघे दुखत असताना. आणि माझी मुकी मुलगी जिन्यात उभी राहून हातवारे करत अर्धा अर्धा तास बोलायची! मी दाराआड पोळ्या लाटत ऐकायचे आणि मला एक नाव, एक गाव ओळखू यायचं नाही. मला हेवा वाटला. स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी शेजारणीचा हेवा वाटावा, हे फार वाईट असतं.

एकदा ती आत आल्यावर मी विचारलंच, "काय एवढं बोलत होतात?"

"तुला नाही कळणार. तू वाचलेलं नाहीयेस."

माझा पारा चढला. "मला दिलंस कुठे वाचायला?"

"देत होते. तूच कोपरीच्या काकूला देऊन टाकलंस. तुझ्यासाठी ठेवलेलं ते. माझं सगळ्यात आवडतं होतं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात रथसप्तमी किती दिवसांवर आहे ते बघितलं.

रथसप्तमीला कोपरीला जाऊबाईंकडे हळदीकुंकू होतं. मी गेले ती थेट स्वयंपाकघरात. "वहिनी, ते पुस्तक मला परत द्याल?"

"वाण परत मागतात का गं? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" त्या म्हणाल्या. "आणि काय ते पुस्तक! चार पानं वाचली, पोरगी आपली रडतेय नुसती."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बाहेर नेऊन बसवलं, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि सगळ्यांना देत होत्या ती चहाची गाळणी माझ्या हातात ठेवली. गाळणीच्या खाली पुस्तक होतं. "हे आता माझ्या घरचं वाण," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचं नाही."

पुस्तक वाचताना मी आणखीच गोंधळले. त्यातली मुलगी घरातून पळते, केस भादरते, एका पडक्या बोटीत राहते. यातलं माझ्या लेकीचं काय? पळणं की बोट? अर्धंच झालं होतं, पण मला राहवेना. संध्याकाळी भाजी परतता परतता मी विचारलं, "तू पळून जाणारेस का?"

ती हसली. किती महिन्यांनी! "आई, गोष्ट आहे ती."

"मग मला नेमकं हेच का द्यायचं होतं?"

"या सगळ्या पुस्तकांत आई एक तर मेलेली असते, नाहीतर कामात असते. यातली शेवटी येऊन विचारते."

"काय विचारते?"

"तुला काय झालंय, असं."

मी दिवसातून दहा वेळा तिला काही ना काही विचारत होते. जेवणाचं, परीक्षेचं, सातच्या लोकलचं. हे विचारलं नव्हतं.

"तुला काय झालंय?" मी म्हटलं.

"कॉलेजमध्ये माझं कुणीच नाहीये गं. मी डबा एकटीच खाते. सुरुवातीपासून."

ठाण्याचंच कॉलेज, नाव मोठं आहे, हा हट्ट माझा होता. तिच्या सगळ्या मैत्रिणी इथे डोंबिवलीतच राहिल्या. मी गॅस बंद केला, ओट्यावरची परात बाजूला सारली आणि तिला म्हटलं, "ये, बस इथे."