विहीणबाईंचं श्वासाचं मशीन

लाज वाटण्याजोगं या जगात काही आहे, हे आमच्या विहीणबाईंना अजून कुणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या वाट्याची सगळी लाज माझ्याकडे आली असावी. त्या माझ्या लेकीच्या सासूबाई, राहायला अंबरनाथला. मी बदलापूरला, कात्रप भागात. झोपेत त्यांचा श्वास मध्येच अडकतो, म्हणून डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन दिलं. दुसरी बाई असती तर गपचूप पलंगाखाली ठेवलं असतं. विहीणबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि मजल्यावर पेढे वाटले. रोज सकाळी मास्क आणि ती लांब नळी धुऊन गॅलरीत वाळत घालतात, तेही रस्त्याच्या बाजूला. खालून कुणी मान वर करून बघितलं की ओरडून सांगतात, "श्वासाचं आहे हो! मी घोरते ना!"

त्या मशीनला पाण्याची एक डबी असते. पाणी गरम होऊन आत जाणारी हवा ओलसर होते, म्हणजे नाक-घसा सुकत नाही. त्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणीच घालायचं, असं मशीनवाल्याने बजावलं होतं. विहीणबाईंनी तिसऱ्या दिवशी ओवा टाकला, चौथ्या दिवशी वाळा. मशीनवाला घरी आला, डबी हुंगली आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आंटी, ये मशीन है, काढ़ा बनाने का पतेला नहीं." विहीणबाई म्हणाल्या, "अरे, घरात आलंय ते. त्याला नुसतं पाणी कसं द्यायचं?" थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड व्हायला लागलं, तेव्हा जुन्या स्वेटरची बाही कापून त्यांनी नळीला घातली. आता ती नळी स्वेटर घातलेल्या बाळासारखी दिसते.

माझं दुखणं त्यांनीच ओळखलं. त्यांच्याकडे मटार सोलता सोलता मी तीनदा पेंगले, तर हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मलाही तेच निघालं, घरी तसंच मशीन आलं. मी पाया पडायची तेवढी बाकी राहिले, "कुणाला सांगू नका." पहिल्या आठवड्यात घसा कोरडा पडला, जीव घुसमटला, आणि मी मशीन गुंडाळून ठेवलं. त्या भरदुपारी रिक्षा करून आल्या. डबी भरली, गरम करायचं बटण एका अंकाने वाढवलं, मास्कचा पट्टा सैल केला आणि उशाशी बसून राहिल्या. "घ्या श्वास. नव्या नवरीसारख्या काय लाजताय?" त्या दुपारी मी किती दिवसांनी नीट झोपले.

मग लेकीचं डोहाळजेवण आलं, विहीणबाईंच्याच घरी. त्यांच्या शेजारणीने आतल्या खोलीत मशीन बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "काकू रात्री विमान चालवतात वाटतं! तोंडाला लावलं की निघाल्या!" सगळ्या खो खो हसल्या. मग ती माझ्याकडे वळली, "तुमच्याकडे नाही ना हो असली भानगड?" मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "छे बाई, आमच्याकडे कुणी घोरत नाही." एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. मी हसलेसुद्धा, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच.

विहीणबाई ओटीचं ताट घेऊन समोरच उभ्या होत्या. माझ्या मशीनबद्दल त्या एक शब्द बोलल्या असत्या तर मी जमिनीत गेले असते. त्या म्हणाल्या, "त्यांना कसलं जमतंय? घोरायला छातीत दम लागतो, तो माझ्यात आहे!" आणि ते सगळं हसू त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांच्यामागे गेले. "विहीणबाई, मी मघाशी..." त्या वाटीत खीर घालत होत्या. म्हणाल्या, "लेकीच्या सासरची माणसं काय म्हणतील, हीच भीती ना तुम्हाला? सासरची म्हणजे मीच ना? मला तर सगळं ठाऊक आहे. मग राहिलं कोण?" आणि वाटी माझ्या हातात दिली. ती खीर मी खाली मान घालून खाल्ली.

बारशाला त्याच बायका येतील, तीच शेजारीण असेल. हल्ली रोज सकाळी मोरीत मास्क धुताना मी एक वाक्य म्हणून बघते, "माझ्याकडेसुद्धा मशीन आहे." नळ चालू असला की ते अगदी स्पष्ट येतं. नळ बंद केला की आवाज बसतो.