निळ्या मंडपाबाहेरचा उजेड

तुमच्या घरात भिंतीवर लग्नाचा फोटो असेल, त्यातली बाई खरंच तुमच्या घरातली आहे का? उठा, जवळ जाऊन बघा. चेहरा पिठात बुडवून काढलेला आणि हात मात्र कापूस वेचणाऱ्या बाईचे, असं आहे की नाही? राग आला तर येऊ द्या. मलाही आलेला आहे, आणि तो धम्मशीलाची गोष्ट कळल्यापासून उतरलेला नाही.

धम्मशीला चुडाव्याची. आईबाप ऊसतोडीला जायचे, ही मामाकडं राहून शिकली. बारावीनंतर परभणीत एका फोटो स्टुडिओत लागली. काम काय, तर कॉम्प्युटरपुढं बसून नवऱ्या गोऱ्या करायच्या. मालकानं शिकवलं होतं, आधी गाल, मग कपाळ, मग मान. हात राहिले तरी चालतात, हात कोण बघतंय. कित्येक वर्षं तिनं तेच केलं. मग तिच्याच लग्नाचं बोलणं निघालं, आणि मालकानं मेहेरबानी म्हणून, तिला न विचारता, तिच्याच बायोडाट्यातला फोटो धुऊन गोरा करून टाकला. पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या हातात धरून त्यांनी आधी मोबाईलमध्ये बघितलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा मोबाईलमध्ये. मुलाचा मामा म्हणाला, "ह्या थोरल्या का? फोटोतल्या धाकट्यांना बोलवा की."

धाकटी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःचं सुरू केलं. तेव्हापासून तिची एकच अट. रंगाला हात लावणार नाही, उजेड शोधून देईन. चांगल्या उजेडात माणूस जेवढं देखणं दिसतं तेवढं दिसेल, आणि तेवढं पुष्कळ असतं.

हे तोंडानं बोलायला सोपं. आपल्या बौद्ध घरांत मुहूर्त बघत नाहीत, पाहुण्यांची सोय बघतात. पाहुणे गाड्या करून येईपर्यंत दुपार होते. आणि परभणीकडची एप्रिलची दुपार म्हणजे डोळ्यांच्या जागी दोन खड्डे अन् नाकाखाली मिशीसारखी सावली. त्यात कुणाचाही फोटो चोरासारखाच यायचा.

गेल्या एप्रिलात बोरीला रंगनाथकाकांच्या मुलीचा, संघप्रियाचा साखरपुडा होता. धम्मशीला पोचली आणि मंडप बघून तिथंच थांबली. मंडप निळा. छत निळं, पडदे निळे, झालरसुद्धा निळी. काकांनी अभिमानानं जिंतूरहून खास मागवलेला. आपला रंग! पण वरून ऊन त्या कापडातून गाळून येत होतं, आणि खाली बसलेल्या सावळ्या पोरीचं तोंड राखेसारखं दिसत होतं. धम्मशीला काही बोलायच्या आत कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून नवऱ्या मुलाकडच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

नवरा मुलगा नागेश परभणीत नोकरीला. आईबाप लहानपणीच गेले, विजयमाला आत्यानं वाढवलेला, तिच्या शब्दाबाहेर नाही. ग्रुपवरचा फोटो बघून आत्याबाईंना पुण्याच्या बहिणीचा फोन आला. फोन ठेवून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगी आजारी हाय का? काळीनिळी दिसायलीय. आधी एक चांगला फोटो जाऊ द्या पुण्याला. अंगठीचं मग बघू."

संघप्रिया मान खाली घालून. नागेश बुटाची नाडी बघत बसलेला. शिकलेला, सरकारी नोकरीतला, आणि नाडी बघतोय!

काका धावत धम्मशीलापाशी आले. "ताई, जराशी उजळ कर. पोरीचं जमलेलं मोडू नको."

"काका, पोरीत खोट न्हाई, कापडात हाय. भाईर काढा दोघांना."

"निळ्या मंडपाला नाव ठेवायलीस? माझ्याच दारात उभं ऱ्हाऊन?"

"निळा डोक्यात ठेवा, काका. पोरीच्या तोंडावर कामून पाडायलेत?"

काका भडकले. तरी धम्मशीलानं दोघांना बाहेर काढलं. लिंबाखाली नेलं तर पानांतून उन्हाचे ठिपके तोंडावर. शेवटी शेजारच्या विहाराच्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत उभं केलं. ऊन टळलं, पण समोर सगळी काळी माती. ती उजेड गिळते, परत देत नाही. चेहरे अंधारातच.

तेवढ्यात तिला मंडपाच्या कडेला वंदनेसाठी आलेल्या बायका दिसल्या. सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत.

"मावश्यांनो, इकडं या! ओट्यापुढं, उन्हात. पदर दोन्ही हातांनी पसरून धरा."

म्हाताऱ्या सगुणाबाई ओरडल्या, "आमाला वाळत घालायलीस का ग?"

"दोन मिनिटं वाळा, मावशी. पोरीसाठी."

बायका हसत हसत आल्या. मग धम्मशीला आत्याबाईंकडं वळली. "आत्याबाई, तुमी सगळ्यांच्या पुढं. तुमच्या लुगड्यावानी पांढरं कुणाचंच न्हाई."

"मी? मी नवऱ्या मुलाकडची हाय!"

"मनूनच."

"या की," सगुणाबाई म्हणाल्या, "ऊन का पाहुणी बघून पडतंय?"

सगळा गाव बघत होता. आत्याबाई आल्या, पदर पसरला. आणि त्या सगळ्या पदरांवरचं ऊन मऊ होऊन ओट्यावर गेलं. डोळ्यांखालची सावली गेली. संघप्रियाचा रंग तोच राहिला, सावळा, तुकतुकीत. फक्त आता ती दिसायला लागली. "नागेशदादा, नाडी सुटलेली न्हाई तुमची, हिच्याकडं बघा," धम्मशीला म्हणाली. संघप्रियाला हसू फुटलं, तोच फोटो.

आत्याबाई पदर धरून तशाच बघत राहिल्या. हात भरून आले तेव्हा म्हणाल्या, "घाला अंगठी."

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. त्याच आठवड्यात बोरी फाट्यावर फ्लेक्स लागला. फोटो तोच, अभिनंदन वगैरे, आणि संघप्रिया दुधासारखी पांढरी. आत्याबाईंनी परभणीतल्या कुठल्याशा दुकानातून करून घेतली होती. घरात बाबासाहेबांची तसबीर, तोंडात समता, आणि सून मात्र चुना फासून हवी! अन् त्या कारागिरालासुद्धा डोळ्यांतलं पुसता आलं नव्हतं. जवळ जाऊन बघितलं तर पोरीच्या बुबुळांत पसरलेले पांढरे पदर दिसत होते, आणि सगळ्यात पुढचा आत्याबाईंचाच.

संघप्रियानं धम्मशीलाला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर फाट्यावरूनच नागेशला फोन लावला.

"ही फाट्यावरची बाई कोण लागती तुमची? तिच्याशी करायचं असंल तर सांगा. मी मोकळी."

"अगं, आत्यानं हौसेनं लावलाय."

"मग हौसेनं उतरवा. त्याबिगर मी हळदीला बसत न्हाई."

नागेश पुन्हा नाडी बघत असणार. पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो एकटा मोटारसायकलवर आला, खांबावर चढला आणि स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या. खाली उतरला तेव्हा घामानं भिजलेला होता. संघप्रियानं त्याला पाणी दिलं. लग्न लागलं. आत्याबाई अजून फुगलेल्या आहेत, असू द्या. तो फ्लेक्स रंगनाथकाकांनी कडब्यावर टाकलाय, पांढरं तोंड खाली करून.

धम्मशीलाचं मात्र काम तेवढं वाढलेलं नाही. फोन येतात, लोक पहिल्याच वाक्यात विचारतात, "गोरं करून देता ना?" ती फोन ठेवून देते.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातल्या पुढच्या साखरपुड्याला फोटोवाल्याच्या कानाशी लागून "जरा उजळ करा" म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा ते मिटा. आणि पांढरा सदरा घालून दोन मिनिटं पोरीसमोर उन्हात उभे राहा.