छातीभर पाणी

रंभाबाई माढ्याची लेक, अक्कलकोटच्या वाटेवरच्या कानडी घरात सून म्हणून आलेली. नवरा सोलापुरात गिरणीला, घरी ती आणि सासरे सिद्रामप्पा. एका पहाटे सासऱ्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं. अन् दैवाची थट्टा बघा, त्याबरोबर मराठीही गेली! उरली नुसती कानडी, आणि सुनेला कानडी येत होती भाकरी-पाण्यापुरती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "छातीएवढ्या पाण्यात उभं करा. पाण्यात अंग हलकं होतं, पडायची भीती राहत नाही. रोज हलवलंत तर पाय जोर धरेल." मग काय, घरच्या पायऱ्यांच्या विहिरीवर रंभाबाईनं सासऱ्यांच्या कमरेला जुनं लुगडं बांधलं आणि त्यांना घेऊन उतरली. सून सासऱ्याला धरून पाण्यात! बायकांनी तोंडाला पदर लावले. "लावा की," ती म्हणाली, "तुमच्यातली एक तरी येती का धरायला?"

एका सकाळी म्हातारा ओरडला, "काल! काल!"

"काल न्हाय मामंजी, आज सोमवार हाय."

म्हाताऱ्यानं चिडून पाण्यावर थाप मारली. "काल!" तेव्हा तिनं खाली बघितलं. पाय हलत होता! कानडीत पायाला काल म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं. पाण्यात उभ्या उभ्या ती हसली आणि रडलीही. आता अजून थोडे दिवस, की मामंजी चालणार.

पण साल बहात्तरचं. पाऊस फिरकलाच नाही. गावातल्या विहिरी आटल्या, यांच्याच विहिरीला तेवढा पाझर राहिला. अख्खा गाव घागरी घेऊन आला. शेजारच्या कोंडीबानं हात जोडले, "वैनी, पेयाच्या पाण्यात माणूस कसं उतरवायचं?"

"आदी पायाला जोर धरू द्या, मग प्या!" रंभाबाई कडाडली.

म्हातारा पायरीवर बसून घागरींकडं बघत होता. त्यानं डाव्या हातानं कमरेचं लुगडं सोडलं. "साकव्वा," म्हणाला. पुरे, बाई. हा शब्द मात्र तिला कळत होता. तिनं बाजूला होऊन घागरींना वाट दिली.

घरी तिनं पायाला तेल जिरवलं, चोळून चोळून हात दुखवले. पण अंग पेलायला पाणी नव्हतं. पाय आखडत गेला.

पुढच्या पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली. कोंडीबानं स्वतः म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन पाण्यात उतरवलं. सारा गाव काठावर जमला. पाय लाकडासारखा पडून राहिला. कोंडीबा ढसाढसा रडायला लागला, तर सिद्रामप्पाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

रंभाबाईनं मात्र सगळ्यांदेखत पायरीवर कपाळ आपटलं. "मी तुमचं ऐकायलाच नको हुतं ओ, मामंजी!"